आय सिंकु सो

मी दोन वर्षं जपानमध्ये इंग्रजी शिकवत होतो असं सांगितलं की समोरचा क्षणभर थांबतो. मग विचारतो, "जपानी शिकत होतास ना?" नाही, इंग्रजी शिकवत होतो. "तू?" हो, मी. सांगली जिल्ह्यातला, घरी मराठी बोलणारा, कॉम्प्युटर इंजिनीअरिंग केलेला, आणि पहिल्या वर्षीच्या व्हायवाला 'व्हेरिएबल' असा काही म्हणालो होतो की एक्स्टर्नल हसले आणि त्यांच्यामागे बाकीचेही हसले, तोच मी. समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्याचा मला राग येत नाही. माझ्याही मनात दोन्ही वर्षं तेच होतं.

झालं असं. 2019 ला डिग्री मिळाली, पुण्यात नोकरी लागली, आणि पुण्यात आयटीत असलेले बरेच जण करतात तसा मीही शनिवार-रविवार जपानीचा क्लास लावला. एन-थ्री पास झालो. जपानमधल्या आयटी कंपन्या एन-टू मागत होत्या. तेवढ्यात क्लासमधल्या एकाने सांगितलं की तिकडच्या सरकारी शाळांना 'एएलटी' लागतात, म्हणजे असिस्टंट लँग्वेज टीचर. जपान सरकारने 1987 मध्ये 'जेट' नावाची योजना सुरू केली, तेव्हापासून परदेशी तरुण तिकडच्या शाळांत इंग्रजीला मदतनीस म्हणून जातात. जेटखेरीज खाजगी कंपन्याही असे मदतनीस पुरवतात. डिग्री कुठलीही चालते, बीएड वगैरे काही लागत नाही. वर्गाची जबाबदारी जपानी शिक्षकाची, तुम्ही बाजूला उभे.

फक्त व्हिसासाठी एक अट होती. जी भाषा शिकवायची, त्या भाषेतून किमान 12 वर्षं शिक्षण झालेलं हवं. आमची शाळा इंग्लिश मीडियम. आता तालुक्याच्या गावातलं इंग्लिश मीडियम म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेल. सायन्सच्या बाई पुस्तकातला एक परिच्छेद इंग्रजीत वाचायच्या, पुस्तक टेबलावर उपडं ठेवायच्या आणि "तर पोरांनो, म्हणजे काय?" असं म्हणून सगळं मराठीत समजावायच्या. छान समजायचं. दाखल्यावर मात्र 'मीडियम: इंग्लिश' असा शिक्का होता. माझ्या कागदांत एकही खोटा शब्द नव्हता. हे वाक्य लक्षात ठेवा, मला ते पुढे लागणार आहे.

एप्रिल 2022 मध्ये निइगाता प्रांतातल्या एका छोट्या गावी पोचलो. चहूबाजूला भातशेती, मागे डोंगर, हिवाळ्यात छातीएवढा बर्फ. त्याआधी चार दिवसांचं ट्रेनिंग झालं. तिथे मला पहिल्यांदा कळलं की मी आयुष्यभर 'थिंक' चुकीचं म्हणत आलोय. ट्रेनर म्हणाला, जीभ दातांच्या मध्ये धर आणि हवा सोड. आमचा थ म्हणजे थाळीतला थ, जीभ दातांना टेकवून फुंकलेला. इंग्रजीतला तो आवाज आपल्या बाराखडीत नाहीच. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' या दोघांना मिळून आपल्याकडे एकच व आहे, हेही तिथेच समजलं. माझ्यावर टीका वगैरे कुणी केली नाही. एवढंच सांगितलं की वर्गात उच्चार 'न्यूट्रल' ठेवा. न्यूट्रल म्हणजे कुठला, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, पाठ्यपुस्तकाच्या ऑडिओसारखा.

पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड होते. स्कॅन केला की एक बाई आणि एक बुवा स्वच्छ अमेरिकन इंग्रजीत धडा वाचायचे. माझ्या एका खोलीच्या घरात मी रात्री ते लावून त्यांच्यामागून बोलायचो. महिन्याभरात जमायला लागलं. दोन महिन्यांत इतकं जमलं की आईशी फोनवर बोलताना 'पार्सल' शब्द आला आणि ती म्हणाली, "काय रे, तोंडात काही आहे का?"

रोजचा दिवस असा. पावणेआठला सायकलवरून शाळा. दारात बूट काढून आतले बूट घालायचे. स्टाफरूममध्ये शिरताना वाकून सगळ्यांना 'ओहायो गोझाइमासु'. मग दिवसाला चार-पाच तास, तीन इयत्ता, तेच धडे. मी म्हणायचं, मुलांनी माझ्यामागून म्हणायचं. दुपारी जेवण वर्गातच. मुलंच पांढऱ्या टोप्या घालून वाढणार, त्या वर्षी कोविडमुळे सगळ्यांनी फळ्याकडे तोंड करून गुपचूप जेवायचं. त्यानंतर मुलांबरोबर फडकं घेऊन जिना पुसायचा. मला हे सगळं मनापासून आवडायचं. जिना पुसताना तर फारच, कारण तिथे मला काही म्हणून दाखवायचं नसायचं.

एएलटी लोक स्वतःला गमतीने 'ह्यूमन टेप रेकॉर्डर' म्हणतात. मला आमच्या धंद्यातला शब्द जास्त जवळचा वाटायचा. आम्ही सॉफ्टवेअरवाले टेस्टिंगसाठी 'मॉक' वापरतो. खरा सर्व्हर नसतो, त्याच्या जागी एक सोंग उभं करायचं, ते ठरलेल्या प्रश्नांना ठरलेली उत्तरं देतं आणि सगळ्या टेस्ट हिरव्या होतात. मी तो मॉक होतो. दिसायला परदेशी, आवाज ऑडिओसारखा. टेस्ट हिरव्या.

खरं शिकवायच्या त्या दुसऱ्याच. त्यांचं नाव सांगत नाही, इथे त्यांना बाई म्हणतो. मराठी शाळेतल्या बाई असतात तशाच होत्या. पन्नाशी ओलांडलेली, बोटांना खडू, टेबलाच्या खणात मुलांसाठी सुया-दोरा आणि बँडेज. पंचवीसेक वर्षं इंग्रजी शिकवत होत्या, परदेशी राहिल्या होत्या फक्त काही आठवडे. एकदा एका मुलाने मला विचारलं, 'हॅव बीन' का म्हणायचं, नुसतं 'वॉज' का नाही? मी म्हटलं, आम्ही असंच म्हणतो. बाईंनी फळ्यावर एक आडवी रेघ ओढली, डाव्या टोकाला एक ठिपका, उजव्या टोकाला आजची तारीख, आणि खडूने ठिपक्यापासून तारखेपर्यंत हळूहळू गिरवत नेलं. वर्गातून 'आऽऽ' असा आवाज आला. मलाही त्या दिवशीच प्रेझेंट परफेक्ट समजला. मी इंग्रजी कानाने उचललेलं होतं, त्यांनी ते उलगडून पाहिलं होतं.

पण बाईंचे उच्चार जपानी होते. जपानीत 'थ'चा तो आवाज नाही, त्याच्या जागी स येतो, आणि शब्दाच्या शेवटी व्यंजन सहसा उघडं राहत नाही, त्याला उ किंवा ओ चिकटतो.

ऑक्टोबर महिना होता. दुसऱ्या वर्षाचा वर्ग, म्हणजे आपल्याकडची आठवी. धडा होता 'आय थिंक दॅट'चा. बाईंनी वाक्य वाचलं, "आय सिंकु..." आणि खिडकीजवळचा एक मुलगा हळूच म्हणाला, "सिंकु? स्वयंपाकघरातलं?" जपानीत सिंकुचा अर्थ भांडी घासायचं सिंक. वर्ग हसला. बाई वाक्याच्या मध्येच थांबल्या. आणि त्या मुलाने माझ्याकडे पाहिलं. चेंडू पॅडला लागल्यावर बोलर अंपायरकडे बघतो ना, तसं.

मी हसलो.

तोंडावर मास्क होता. ओठ कुणाला दिसणं शक्य नव्हतं. पण मास्कच्या त्या वर्षांत आपण सगळेच डोळ्यांवरून हसू ओळखायला शिकलो होतो, आणि त्या मुलाने ओळखलं, कारण तो समाधानाने परत वहीत बघायला लागला. बाईंना दिसलं का? त्या फळ्याजवळ होत्या, अर्ध्या माझ्याकडे वळलेल्या. पुढे कित्येक दिवस मी मनात त्या वर्गाचा नकाशा काढून कोन मोजत होतो.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी वाचन माझ्याकडे दिलं. "दोझो, सेन्सेइ," म्हणजे घ्या, तुम्ही वाचा, असं म्हणून पुस्तक थोडंसं माझ्या दिशेने सरकवायच्या. आधी अर्धं त्या वाचायच्या, अर्धं मी. आता एकेका शब्दासाठीही माझ्याकडे बघायच्या. स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाटलं, किती छान टीमवर्क आहे.

मी कुणाशी खोटं बोललो होतो का? याचा मी बराच विचार केलाय, आणि स्वतःच्या बाजूने वकिली करायला मी काही कमी करत नाही. सोंग सगळेच घेतात. आमच्या पुण्याच्या ऑफिसात क्लायंटचा कॉल जॉइन झाला की निम्म्या लोकांचा आवाज बदलतो. शिवाय मी मनाने काही केलं नव्हतं, मला तसं सांगितलं होतं. मी कधीही 'मी अमेरिकेचा आहे' असं म्हणालो नव्हतो. पहिल्याच तासाला भारताचा नकाशा दाखवला होता. कागदांत एकही खोटा शब्द नाही, वर्गातही नाही.

हे सगळं खरं आहे आणि तरी ते पुरत नाही. कारण खोटं वाक्यात नव्हतंच, ते मी जिथे उभा होतो त्या जागेत होतं. मी माझ्या नेहमीच्या इंग्रजीत बोललो असतो, थाळीतल्या थने, तर त्या मुलाला माझ्याकडे बघून काही मिळालं नसतं. बाईंचा स आणि माझा थ, दोन्ही त्या क्यूआर कोडमधल्या बुवापासून सारखेच लांब होते. दोन लांबून आलेली माणसं एका वर्गात इंग्रजी शिकवतायत, असं चित्र झालं असतं. उसना उच्चार लावून मी एकदम अंपायरच्या जागी जाऊन उभा राहिलो, आणि माझा उच्चार 'खरा' झाला त्याच क्षणी त्यांचा 'खोटा' झाला. सोंग माझं, बिल त्यांच्या नावावर.

आणि मला माहीत नव्हतं असंही नाही. व्हायवाच्या त्या दुपारनंतर मी चार वर्षं वर्गात हात वर केला नव्हता. उत्तर येत असलं तरी. असं हसू माणसाला काय करतं हे त्या वर्गात मला सगळ्यांत जास्त ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात रिकाम्या तासांना बाहेर बर्फ पडत असताना मी फोनवर काहीबाही वाचत बसायचो. त्यात रॅनल्ड मॅकडॉनल्ड सापडला. (बर्गरवाल्यांचा काही संबंध नाही. मुलांना सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसला नाही.) जन्म 1824, आजच्या अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये. वडील स्कॉटिश, फर कंपनीत नोकरीला, आणि आई चिनूक, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. तेव्हा जपान परदेशी लोकांना बंद होता. याला काहीही करून तिथे जायचं होतं. 1848 मध्ये व्हेलच्या शिकारीवर निघालेल्या जहाजावरून तो एका छोट्या होडीत बसून एकटा उतरला आणि उत्तरेकडच्या रिशिरी बेटावर 'माझं जहाज फुटलं' असं सोंग करून किनाऱ्याला लागला. जपान्यांनी त्याला पकडून नागासाकीला नेऊन कोंडलं. तिथे चौदा दुभाषे त्याच्याकडे इंग्रजी शिकायला यायचे. ते डच जाणणारे होते, व्याकरण पक्कं होतं, त्यांना हवा होता तो आवाज. 1849 च्या एप्रिलमध्ये एक अमेरिकन युद्धनौका त्याला घेऊन गेली. त्याच्या विद्यार्थ्यांपैकी मोरियामा एइनोसुके पुढे 1854 मध्ये कमोडोर पेरीबरोबरच्या वाटाघाटींत दुभाषा होता.

म्हणजे जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या अगदी पहिल्या परदेशी माणसांपैकी एक सोंग करूनच आत आला होता. मला आधी फार बरं वाटलं. आपला पूर्वजच भेटला म्हणायचा. मग हळूहळू बरं वाटेनासं झालं. त्याचं सोंग फक्त दारापुरतं होतं. आत आल्यावर तो जसा होता तसाच बोलला, निम्मा स्कॉटिश, निम्मा चिनूक, खलाशांमध्ये राहिलेला. त्याचं इंग्रजी कुठलं म्हणायचं? आणि शिक्षा झालीच तर त्याची त्यालाच झाली असती.

पुढच्या एप्रिलपासून शाळांमध्ये मास्क ऐच्छिक झाला. चेहरे दिसायला लागले. तीच मुलं आता शेवटच्या वर्षाला होती. जूनमध्ये मी बाईंकडे एक तास मागितला आणि वर्गात सांगून टाकलं, मी जसं वाचतो तसं मी बोलत नाही. मग तोच धडा माझ्या उच्चारात वाचला. मुलं चकित झाली, मग खूश झाली. फळ्यावर एका बाजूला त्यांचा तक्ता लिहिला, अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व, आणि शेजारी आपली वर्णमाला. जपानी अक्षरांचा हा क्रम संस्कृत शिकणाऱ्या बौद्ध भिक्षूंच्या अभ्यासातून आलाय, हे सांगितल्यावर खिडकीजवळच्या त्या मुलाने स्वतःहून 'क' गिरवून पाहिला. तास संपल्यावर मला इतकं हलकं वाटत होतं की मी जिना एकट्यानेच पुसून काढला.

संध्याकाळी बाई माझ्या टेबलाशी आल्या. तास छान झाला म्हणाल्या. त्यांचं 'छान' कुठल्या प्रकारचं होतं ते मला लगेच कळलं नाही.

मग म्हणाल्या, "मार्चमध्ये यांची हायस्कूलची प्रवेशपरीक्षा आहे. त्यात लिसनिंग आहे. तो ऑडिओ तुमच्यासारखा बोलत नाही. माझ्यासारखाही बोलत नाही."

मी म्हटलं, पण ते इंग्रजी खरं नाही, म्हणजे माझं नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही मार्चमध्ये घरी जाल. खरं बोलायला मलाही आवडलं असतं."

आवाज चढला नव्हता. त्या परत जाऊन वह्या तपासायला लागल्या.

मी सायकलवरून घरी जाताना आधी चिडलो. मग तो चिडकेपणा ओसरला आणि उरलं ते जास्त अवघड होतं. मी वर्गात जे केलं ते कुणासाठी केलं? मुलांसाठी नव्हे, त्यांना परीक्षेत त्याचा उपयोग नव्हता. बाईंसाठीही नव्हे, मी 'तुमच्या बाईंचा उच्चार चुकीचा नाही' असं त्या अख्ख्या तासात एकदाही म्हणालो नव्हतो. सगळा तास माझ्याबद्दल होता. माझा उच्चार, माझी वर्णमाला, माझा प्रामाणिकपणा. तो करायला मला काही किंमत पडली नव्हती. पडली असती तर बाईंना पडली असती, मार्चमध्ये, निकालाच्या दिवशी, पालकांसमोर. पहिल्या खेपेला माझ्या सोंगाचं बिल त्यांनी भरलं होतं, या खेपेला माझ्या खरेपणाचं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा क्यूआर कोडमधल्या बुवासारखं वाचायला लागलो. आता मुलांना माहीत होतं, बाईंना माहीत होतं, मला माहीत होतं. याला खोटं म्हणायचं का, हे मला अजूनही नीट ठरवता येत नाही. एक फरक मात्र केला. प्रत्येक वाक्य आधी बाईंना वाचायची विनंती करायला लागलो, मग मी. त्या पहिल्यांदा नाही म्हणाल्या, दुसऱ्यांदाही. सप्टेंबरात कधीतरी एक वाक्य वाचलं. खिडकीजवळच्या मुलाने पाहिलं कुणाकडे, हे मी पाहिलं नाही. मी मुद्दाम पुस्तकात बघत होतो.

मार्च 2024. परीक्षा झाली, निकाल लागले, मुलं गेली. शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो, केरोसीनचा स्टोव्ह चालू होता. मी माफीची वाक्यं आदल्या रात्री लिहून पाठ केली होती. सांगितलं की दीड वर्षापूर्वी 'आय थिंक'च्या तासाला तो मुलगा तसं बोलला तेव्हा मी मास्कच्या आत हसलो होतो. शेवटी वाकून म्हणालो, मोशिवाके आरिमासेन देश्ता.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सो देश्ता का." असं होतं का. त्यांना तेव्हा दिसलं होतं की नव्हतं, आज आठवत होतं की नव्हतं, हे एवढ्याशा वाक्यावरून ओळखणं मला एन-थ्रीच काय, एन-वनला पोचूनही जमलं नसतं.

थोडा वेळ स्टोव्हचाच आवाज येत राहिला. मग त्यांनी मान किंचित तिरकी केली.

"मोऽऽशिवाके," त्या म्हणाल्या. "मो लांब आहे. तुम्ही आखूड म्हणालात."

मी पुन्हा म्हणालो.

"वन्सु मोआ," बाई म्हणाल्या.

मी पुन्हा म्हणालो.